शुद्धीतली वसुली

काद्रीसाहेबांच्या नाकाबद्दल मी जे सांगतो, त्यातलं निम्मं लोक थाप म्हणून सोडून देतात. म्हणून मी पहिल्यापासून दुप्पटच सांगतो. वजाबाकी होऊन खरं तेवढं उरतं.

तर नाक. ते कपाळाच्या मध्यावर सुरू व्हायचं. साहेब लातूरच्या गंजगोलाईत वळले की आधी ते वळायचं आणि मागून साहेब. चष्मा त्याच्यावर बसत नसे, मुक्कामाला असे. आमचं विमा कंपनीचं ऑफिस (कंपनीचं नाव सांगत नाही, माझी पेन्शन अजून तिथूनच येते) एका खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली युरियाची पोती आणि कीटकनाशकांचे डबे. जिन्यात एवढा उग्र दर्प की मुंग्यासुद्धा वळसा घालून जायच्या. त्या दर्पातूनही काद्रीसाहेब खुर्चीत बसल्या बसल्या ओळखायचे, कोण वर येतंय. "शिंदे, पाणी मागवा. मुरूडचे वकीलसाहेब आले. आज बिनआंघोळीचे निघालेत." अर्ध्या मिनिटात मुरूडचे वकील दारात हजर. आंघोळीचं आम्ही कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ते साहेबांच्या टेबलापासून खुर्ची हातभर लांब ओढून बसायचे, एवढं मी पाहिलंय.

मी शिंदे, त्याच ऑफिसात क्लेमचा कारकून. माझी कामं दोनच, पावतीपुस्तक सांभाळायचं आणि गप्प बसायचं. त्यातलं पहिलं मी नीट केलं.

मुजीब काद्री हे लातूरच्या जुन्या घराण्यातले. आजोबा निजामाच्या आबकारी खात्यात होते. गाडी थांबवायची, घागरीवर वाकायचं आणि शिंदी कुठल्या शिवारातली ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे जमीन चुलत्यांकडे गेली, घर भावांत वाटलं गेलं, आणि नाक तेवढं काद्रीसाहेबांच्या वाट्याला आलं. ते त्याला जपायचेही तसंच. तपकीर नाही, विडी नाही, अत्तर तर ईदलाही नाही. भाभी म्हणायच्या, "सणाच्या दिवशी तरी लावा, लोक काय म्हणतील?" साहेब म्हणायचे, "बेगम, हत्याराला कुणी मेंदी लावतं का?"

आता हे हत्यार विमा कंपनीत काय कामाचं, ते सांगतो. कुणी दारू पिऊन गाडी हाकली, कुणाला उडवलं आणि कोर्टात गुन्हा शाबीत झाला, तर जखमी माणसानं त्या पिणाऱ्याच्या दारात किती चकरा मारायच्या? म्हणून क्लेम कोर्ट सांगायचं, जखमीला पैसे आधी कंपनीनं द्या आणि मग तुम्ही बघा त्या पिणाऱ्याकडे. हे जे 'मग बघा' असायचं, ते बघायला काद्रीसाहेब होते. वसुली अधिकारी. लातूर जिल्ह्यात पिऊन गाडी चालवणारा आणि त्यापायी शिक्षा भोगून आलेला प्रत्येक इसम त्यांच्या टेबलासमोर उभा राहायचा.

आणि इथेच आमच्या ऑफिसचं जगावेगळं कौतुक होतं. वसुली अधिकारी पैसे मागतो, माणूस देत नाही, असं सगळीकडे चालतं. आमच्याकडे माणूस पैसे द्यायचा आणि अधिकारी घ्यायचा नाही.

"हा करा," काद्रीसाहेब म्हणायचे. समोरच्यानं तोंड उघडून श्वास सोडायचा. साहेब डोळे मिटून तो आत घ्यायचे. वास आला तर पैसे परत. उद्या या. प्यालेल्या माणसाचा हप्ता ते घेत नसत. चाकूरचा एक ट्रकमालक एकदा कच्चा कांदा, लवंग, वेलदोडा चावून आणि वरून रॉकेलच्या गुळण्या करून आला. साहेबांनी हा घेतला, शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "कांदा घरचा, लवंग पानवाल्याकडची, रॉकेल रेशनचं. आणि ह्या सगळ्यांच्या मागे जो दडून बसलाय, तो किनवटचा मोह. त्याला म्हणावं बाहेर ये." ट्रकमालक एवढा घाबरला, की त्यानं किनवटला माल न्यायचाच बंद केला म्हणतात.

पैसे घेतले की साहेबांची दुसरी पद्धत. ऑफिसकडे राहणाऱ्या पावतीच्या मागे हप्ता देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं एक नाव लिहायचं. ज्याला उडवलं त्याचं. मी नवीन असताना विचारलं, "साहेब, ह्याला काही नियम आहे का?" ते म्हणाले, "नियम पैशाला असतात, मियाँ. पैसे कंपनीला मिळतात. माणूस कुठे जमा करायचा, ते कंपनीनं सांगितलेलं नाही."

ह्या टेबलासमोर एक दिवस दिगंबर बिराजदार आला. दिगा. किल्लारी-लातूर जीप चालवायचा. उंच, सडपातळ, आणि मिशा अशा की जीपच्या आरशात दोन्ही टोकं एकदम मावत नसत. लग्नाचं वऱ्हाड घेऊन मुरूडला गेला होता. वऱ्हाडाबरोबर प्याला, आणि परतताना भर दुपारी गौतम सोनकांबळे नावाच्या शाळेच्या शिपायाच्या सायकलवर जीप घातली. सोनकांबळे वाचला, पण उजवा पाय मांडीपासून गेला. दिगा तुरुंगात जाऊन आला, लायसन दीड वर्ष निलंबित झालं, जीप दारात उभी राहिली. दिगा दुसऱ्याच्या जीपला लटकून 'लातूर लातूर लातूर' ओरडायला लागला. कंपनीनं सोनकांबळेला भरपाई दिली आणि दिगाच्या नावावर अठ्ठेचाळीस हजार निघाले.

पहिल्या हप्त्याला दिगा आला तो दोन्ही हातांनी जिना धरत.

"हा कर."

दिगानं केला. माझ्या टेबलावरचा शाईचा ठसा वाळला. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"दिगा, पैसे खिशात ठेव. उद्या ये."

"आवो साहेब, पैसे हायेत की! मोजून घ्या."

"पैसे शुद्धीत आहेत. तू नाहीस."

ह्या 'दिगा'कडे लक्ष द्या. काद्रीसाहेबांचा एक कायदा होता. शुद्धीत आलेल्या माणसाला पूर्ण नावानं, राव लावून हाक. प्यालेल्याचा राव जायचा, अहो जायचं, अर्धं नावही जायचं. जिन्याखालच्या खतवाल्याला वरची हाक ऐकूनच कळायचं, आज कोण कसा आलाय.

दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्यातही तेच. आम्हाला वाटलं, आता साहेब फाईल तहसीलला पाठवणार आणि जीप जप्त होणार. साहेबांनी दिगाला समोर बसवलं.

"महिन्यानं येतोस तेव्हा तुला एकोणतीस दिवस विसरायला मिळतात. पंधरा दिवसांनी ये."

पंधरा दिवसांनीही दिगाच आला, दिगंबरराव आले नाहीत. मग साहेबांनी आठवड्याचा हप्ता केला. आठवड्यानं एकदा दिगंबरराव आले, पुढच्या वेळी पुन्हा दिगा. शेवटी साहेब म्हणाले, "रोज ये. पाच रुपये."

"रोज?"

"रोज. जीप स्टँडला लागली की, पहिल्या चहाच्या आधी."

"आन् रातच्याला घेतली तर, साहेब?"

"रातची सकाळी दहापर्यंत राहते. आमच्या आजोबांनी मोजून ठेवलंय."

आणि दिगा रोज यायला लागला! पहिल्या महिन्यात दहाएक वेळा परत गेला. दुसऱ्या महिन्यात चारदा. लिहिणं हे आणखी एक दुखणं. दिगाला अक्षर येत नव्हतं, लायसनवरही अंगठाच. साहेबांनी त्याचा हात धरून नाव शिकवलं. तीन आठवडे लागले. पुढे अशी वेळ आली की दिगाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पण 'गौतम सोनकांबळे' असं लिहायचा की सातवीच्या मास्तरानं फळ्यावर काढावं.

एकदा त्याची बायको कौसल्याबाई जिना चढून आली. पिशवीत दोन शेर तूरडाळ. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, एक इनंती हाय. याला दिसातून दोनदा बोलवा की."

साहेबांनी डाळ परत दिली. पण दोनदा बोलावण्याचा विचार त्यांनी खरंच केला होता, हे मी त्यांच्या टाचणवहीत पाहिलंय.

तेवढ्यात नांदेडच्या विभागीय कार्यालयातून तपासणीला वसमतकरसाहेब आले. त्यांचं नाक साधं होतं, पण ते सगळ्यात खुपसायची त्यांना हौस. पाच-पाच रुपयांच्या पावत्यांचा गठ्ठा उचलून ते ओरडले ते खाली युरियाला ऐकू गेलं.

"काद्री! ही वसुली आहे की देवळातली दानपेटी? पाच रुपयाला पावतीचा कागद, शाई, ह्या शिंदेचा पगार! एका पावतीला कंपनीला सात रुपये पडतात!"

"शिंदेचा पगार पावती नसली तरी पडतो, साहेब."

"प्रकरण तहसीलला पाठवा. जीप लिलावात काढा."

"जीप लिलावात गेली तर लायसन परत मिळाल्यावर तो लातूरला कशानं येईल? आला नाही तर हा कोण घेईल?"

वसमतकरांनी कागदावर आकडेमोड केली. "अठ्ठेचाळीस हजार, रोजचे पाच. नऊ हजार सहाशे दिवस! सुट्ट्या धरल्या तर बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं लागतील वसूल व्हायला, कळतं का?"

"म्हणजे बत्तीस वर्षं पिणार नाही," काद्रीसाहेब म्हणाले.

मग साहेब जरासे पुढे वाकले, नाक वसमतकरांच्या दिशेनं किंचित उचललं आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, आमच्या लातूरच्या विश्रामगृहाची व्यवस्था काल रात्री ठीक होती ना? सोडा वेळेवर मिळाला?"

वसमतकरांनी फाईल मिटली. शेरा मारला, 'वसुली प्रगतिपथावर आहे.' तो शेरा मी दहा वर्षं दर तिमाहीला तसाच उतरवत राहिलो.

आता पुढचं मी दुप्पट सांगणार नाही. आहे तेवढंच सांगतो.

दिगाचं लायसन परत मिळून, जीप पुन्हा रस्त्यावर येऊन काही महिने झाले होते. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातुरात आम्ही रस्त्यावर आलो. किल्लारीकडे रस्त्यावर यायला माणसं उरली नाहीत. ऑफिसच्या भिंतीला चीर गेली, म्हणून साहेबांनी टेबल खाली लिंबाच्या झाडाखाली मांडलं. क्लेमचे अर्ज घ्यायचे होते, पण अर्ज कुणी भरायचे आणि कुणाच्या नावाचे, हेच लोकांना सांगता येत नव्हतं. आम्ही कागद पुढे करायचो, माणूस कागदाकडे बघत राहायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिगाची जीप आली. मागे आडवी घातलेली तीन माणसं होती, त्यांना दवाखान्यात पोचवून तो आमच्याकडे चालत आला. डोक्यापासून पायापर्यंत माती. मिशाही मातीच्याच. त्याची आई आणि थोरला भाऊ दगडाखाली गेले होते. त्यानं स्वतः काढले होते. त्यांना आणि गल्लीतल्या आणखी किती जणांना. तीन दिवस तेच काम. ते काम करणाऱ्या बाप्यांना तिथे कुणीतरी दारू देत होतं. त्याशिवाय हात पुढे जात नव्हते, असं नंतर कळलं.

दिगानं टेबलावर पाच रुपये ठेवले. मातीनं नोटेवरचा आकडा दिसत नव्हता.

"साहेब, दोन दिस न्हाई आलो. उद्या पंधरा देतो."

वास माझ्यापर्यंत आला. मला, ज्याला स्वतःचा डबा उघडल्यावरही आत काय आहे ते बघावं लागतं. खतवाला दारात उभा. सगळ्यांची नजर त्या नाकावर.

दिगा म्हणाला, "पेलोय साहेब. सांगूनच टाकतो. तुमचा कायदा हाय. पैसे नका घेऊ. पर मला जावं वाटंना दुसरीकडं कुटं."

काद्रीसाहेबांनी खिशातून रुमाल काढला. नाकाला लावला.

"तीन दिवस धूळ आहे हवेत. नाक चोंदलंय माझं. काही कळत नाही," ते म्हणाले. "हा करा बघू."

दिगानं केला.

"काही नाही," साहेब म्हणाले. "शिंदे, पावती फाडा. बसा, दिगंबरराव."

दिगंबरराव. अहो लावून.

मी पावती फाडली. दिगानं पेन धरलं. बोटं सुजलेली होती. नाव लिहायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "साहेब, सोनकांबळे... तिकडं मुरूडला...?"

"आहेत. मी काल माणूस पाठवून विचारून घेतलं. भिंत पडली, माणसं बरी आहेत."

मग दिगा रडला. तीन दिवसांत पहिल्यांदा, असं कौसल्याबाईंनी पुढे सांगितलं. पेन हातात तसंच होतं. रडून झाल्यावर त्यानं राहिलेलं नाव पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा काही प्यालेला नव्हता. त्यानंतर कधीच नव्हता. किमान साहेबांच्या नाकाला तसं कधी आढळलं नाही, आणि त्या नाकाच्या वर जिल्ह्यात अपील नव्हतं.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. असं पीक की बाकी सगळी वाहून जावीत. गल्लीत 'सर' अशी हाक मारली तर सतरा खिडक्या उघडायच्या. जिथे पिठाची गिरणी होती तिथे फिजिक्स, जिथे म्हशी बांधायचे तिथे बायोलॉजी. बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो भिंतींवर एवढे दाट की भिंत शोधून काढावी लागायची. नांदेडकर म्हणायचे आमच्याकडे त्याहून दाट आहेत. आमचा खतवालाही युरिया एका कोपऱ्यात सरकवून पोरांना खोल्या द्यायला लागला. जिन्यात आता युरियाचा आणि मॅगीचा मिळून एक तिसराच वास यायचा. काद्रीसाहेबांनी त्याला नाव दिलं होतं, 'बारावी सायन्स'.

किल्लारीकडून सकाळच्या क्लासला येणारी पोरं दिगाच्या जीपमध्ये. त्यात मुली जास्त. सुरुवातीला आया पाठवेनात, ह्या माणसानं पिऊन एकाचा पाय घालवलाय हे सगळ्या पट्ट्याला माहीत. दिगानं काय करावं? त्यानं कालची पावती जीपच्या काचेला आतून चिकटवली. पाच रुपये, तारीख, साहेबांची सही. किल्लारीच्या स्टँडवर आया पोरीला बसवायच्या आधी काचेपाशी जायच्या आणि तारीख वाचायच्या.

"कालचीच हाय का वो, दिगूभाऊ?"

"कालचीच, मावशे. आजची लातुरात गेल्यावर. तवर तोंडाचा वास घ्यायचा आसंल तर घे."

आमच्या कंपनीनं हजारो रुपये घालून छापलेल्या पत्रकावर कुणी एवढा विश्वास ठेवला नाही, जेवढा त्या पाच रुपयांच्या पावतीवर ठेवला. पावती नसलेल्या जीपमध्ये पोरगी बसवायची नाही, अशी तिकडे रीतच पडली. दुसरे दोन ड्रायव्हर, ज्यांनी कधी कुणाला खरचटवलंही नव्हतं, ते आमच्याकडे आले. म्हणाले, आमच्याकडूनही पाच-पाच रुपये घ्या आणि पावती द्या. काद्रीसाहेबांना त्यांना समजावून सांगावं लागलं, की त्यासाठी आधी गुन्हा करावा लागतो.

दिगाचं बरं चाललं. पत्र्याच्या शेडमधून नव्या वसाहतीतल्या घरात गेला. नवी जीप घेतली. आणि तेव्हाच नांदेडहून पत्र आलं. जुनी प्रकरणं मिटवा. एकरकमी निम्मे भरले की बाकी माफ, खातं बंद. काद्रीसाहेबांची निवृत्ती त्याच महिनाअखेरीला होती.

साहेबांनी दिगाला बोलावून पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, नाचेल. दिगा खुर्चीवरून उठला.

"नगं, साहेब."

"अहो, निम्मे माफ आहेत. तुम्हाला जड नाही आता."

"पैसे हायेत. पैशाचं न्हाई. मला मोकळं करू नका." त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, पहिल्या दिवशी जिना धरला होता तशी. "हे पाच रुपये हायेत म्हणून रातच्याला हात आवरतो. सकाळी साहेब वास घेणार, एवढं एकच ध्यानात ऱ्हातं. फिटलं की म्या पितोय, साहेब. मला माजं ठावं हाय. मागं पोरी बसलेल्या आसतेत."

वीस वर्षं वसुली बघतोय मी. कर्ज माफ करू नका म्हणून रडणारा देणेकरी तेवढा एक.

काद्रीसाहेबांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "दिगंबरराव, खातं कंपनीचं आहे. ते बंद करा, नाहीतर माझ्यानंतर येणारा माणूस जीप ओढून नेईल. नाक माझं आहे. ते कंपनीला लिहून दिलेलं नाही. ते रिटायर होत नाही. घरी या."

"रोज?"

"रोज. पहिल्या चहाच्या आधी."

शेवटची रक्कम भरायला दिगा मुरूडला जाऊन सोनकांबळेला घेऊन आला. लाकडी पाय खटखट वाजवत सोनकांबळे जिना चढला. दिगानं पावतीच्या मागे शेवटचं नाव लिहिलं. सोनकांबळेनं ते हातात घेऊन लांब-जवळ करून पाहिलं.

"माजं नाव लई भारी काढतो की रे. माज्या पोराला येत न्हाई असं."

माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. कुणी विचारलंही नाही. जाताना मात्र दिगाच्याच जीपमध्ये बसून गेला, पुढच्या सीटवर, आणि बसायच्या आधी काचेवरची तारीख वाचून.

माझी बदली नांदेडला झाली. साहेबांचं पत्र यायचं ते ईदला, आणि त्यात दिगाची खबर. ईदच्या सकाळीसुद्धा तो दारात उभा राहतो, आधी हा आणि मग शीरखुर्मा, कारण वेलदोड्यानं निकाल बिघडतो. कंपनीची पावती गेली, म्हणून साहेब आता कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा फाडून त्यावर तारीख घालून सही करतात. तोच काचेला.

पाच-सात वर्षांनी लातूरला एका कामानं गेलो. सकाळीच साहेबांकडे पोचलो. जाताना नांदेडच्या वजिराबादेतून खसच्या अत्तराची एक कुपी घेतली होती. म्हटलं, आता हत्यार दिवसातून एकदाच म्यानाबाहेर येतं, आता हरकत नाही. साहेब वाळले होते, पण नाक तेवढंच. उलट चेहरा आटल्यामुळे मोठंच दिसत होतं. त्यांनी कुपीचं बूच काढलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"वा! मोगरा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी डोळे उघडले आणि माझा चेहरा वाचला. चेहरे वाचायला नाक लागत नाही.

"मोगरा नाही का?"

"खस आहे, साहेब."

त्यांनी सावकाश बूच लावलं. "दोन वर्षं होतील. तापात गेलं ते गेलं. तुमच्या भाभीची डाळ करपते, मला धूर दिसल्यावर कळतं."

"आणि दिगंबरराव?"

"ते येतील आत्ता." दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "शिंदेमियाँ, जन्मभर तुम्हाला गप्प बसायचा पगार मिळालाय. आज तरी ते काम करा."

एवढ्यात खाली हॉर्न. दिगा वर आला. मिशा पांढऱ्या झालेल्या, पण रुंदी तीच. मला राम राम करून तो साहेबांच्या खुर्चीसमोर वाकला आणि तोंड उघडून लांब श्वास सोडला. काद्रीसाहेबांनी डोळे मिटले. नाक पुढे केलं. असा श्वास घेतला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आम्ही थांबलो. खाली जीपमध्ये पोरींची कलकल. ते थांबणं मला भूकंपानंतरच्या त्या लिंबाखालच्या दुपारएवढं लांब वाटलं.

"पोहे," साहेब म्हणाले. "शेंगदाणे जास्त पडलेत. जा, दिगंबरराव. सावकाश हाका."

कॅलेंडरचा तुकडा, तारीख, सही. दिगानं तो कपाळाला लावला आणि खाली गेला. मी थक्क. "साहेब! पोहे कसे ओळखले?"

"मिशीला दाणा होता," काद्रीसाहेब म्हणाले आणि जन्मात पहिल्यांदा मला डोळा मारला.

हसू आवरत मी निघालो. खाली दिगा काचेला कागद चिकटवत होता. अंगठ्यानं चारी कोपरे दाबत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोललं का साहेब तुम्हाला? नाकाचं?"

मी गप्प. पगार मिळालेला.

"मला ठावं हाय," दिगा म्हणाला. "अवंदा गुढीपाडव्याला म्या जीपम्होरं कापूर लावला, साहेब म्हणलं उदबत्ती छान हाय." त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि एक शेंगदाणा काढून तोंडात टाकला. "तवापासनं दाणा ठिवतो. न्हाई तर साहेबाला सांगायला काय ऱ्हातंय?"

"आणि मग? वासच येत नाही तर..."

"तर काय, शिंदेसाहेब? डोळं मिटून बसलेलं आसतंय की माणूस. तेच्या म्होरं तोंड उघडायचं आसतंय रोज."

मागून एक पोरगी ओरडली, "काका, चला ना, साडेसातचा क्लास चुकेल!" दिगानं जीप काढली. मी वर पाहिलं. खिडकीत काद्रीसाहेब उभे होते, अर्धं अंग आत आणि नाक बाहेर, रस्त्याच्या दिशेनं, जीप गोलाईला वळेपर्यंत वास घेत असल्यासारखे.